शेगडीवरच्या बरण्या

"गाजर खायचं त्यानं, ज्याचे दात तोंडात आहेत," पडद्यापलीकडून सासूबाई पुटपुटल्या. "माझे तर डबीत आहेत. आणखी किती दिवस चालवणार आहेस रे हे?"

त्यावर वहिनीच्या नवऱ्याचं नुसतं "श्श" ऐकू आलं, आणि मग किसणीवर गाजर चालल्याचा आवाज.

वहिनी पडद्याच्या अलीकडे ओट्याशी उभी होती. हातात भिजलेल्या हरभऱ्यांची चाळण, तिच्यातून पाणी ठिबकतंय. हात आपोआप थांबला. म्हातारीच्या पोटात धड काही जात नाही आणि हा बाबा तिला गाजर किसून घालतोय, या विचारानं तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आग म्हणायचं ते आपलं बोलण्यापुरतं. खऱ्या आगीनं त्या घरातून केव्हाच काढता पाय घेतला होता.

तिला वहिनी सगळेच म्हणत. ती छापखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाकीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिथं लागली तेव्हा तिचा धाकटा दीर त्याच छापखान्यात कागद मोजायला होता. तो जेवायला आला की खिडकीतून "वहिनी, वाढा" म्हणून हाक मारायचा. त्याचं ऐकून बाकीचे मारू लागले. दीर पुढे नोकरीतून सुटला, दुसऱ्या गावी गेला, हाक मात्र मागे राहिली. आता छापखान्याच्या साहेबापासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांची ती वहिनी होती, आणि तिच्या हाताच्या रश्श्याला नावं ठेवणारा माणूस छापखान्यात तरी जन्माला यायचा होता.

घरात मात्र तो आधीच जन्माला आलेला होता. सासूबाई. सून घरात आल्यापासून एकही जेवण त्यांनी शेरा दिल्याशिवाय गिळलं नव्हतं. आज मीठ लाजलंय. आज डाळीला पोहायला शिकवलंस वाटतं. आज भात एकमेकांशी भांडून बसलाय. वहिनी सुरुवातीला रडायची, मग चिडायची, आणि शेवटी शेरा आला नाही तर तिलाच जेवल्यासारखं वाटेनासं झालं होतं. दोघींचं तेच बोलणं होतं, तोच लोभ होता.

आणि मग ती थंडी आली. घरात सगळ्यांनाच एकापाठोपाठ ताप आले. सगळ्यांचे गेले, वहिनीचाही गेला, पण जाताना तिच्या नाकातला वास घेऊन गेला. आधी साबणाचा गेला असं वाटलं, तिनं दुकानदाराला दोष दिला. मग तेलात कांदा टाकला आणि कांदा नुसताच तडतडला, तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिनं लसूण ठेचून बोटं नाकाशी धरली. मग रॉकेलची बाटली उघडली. सगळं जग एकाच वासाचं झालं होतं, म्हणजे कसल्याच नाही. खारट, आंबट, गोड एवढं जिभेला कळे. पण पदार्थाचा जीव ज्यात असतो ते काही कळत नव्हतं. तोंडात घास म्हणजे ओला पुठ्ठा.

तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? स्वयंपाकिणीनं वास येत नाही म्हणणं म्हणजे शिंप्यानं सुईचं नेढं दिसत नाही म्हणण्यासारखं. कँटीनच्या मॅनेजरला कळलं असतं तर त्यानं फार गोड बोलून तिला ताटं धुवायच्या हौदावर उभं केलं असतं. आणि घरी? सावळी, ठेंगणी, शाळा अर्धवट सोडलेली म्हणून नाकं मुरडत या घरानं तिला आत घेतलं होतं. पहिल्या जेवणानंतर ती नाकं सरळ झाली होती. तिच्या हाताला चव होती. बाकी तिच्याकडे होतं काय? ती चव गेली असं एकदा कुणी तोंडानं म्हटलं की मग ती या घरात कोण, हे तिला स्वतःलाच सांगता आलं नसतं.

म्हणून ती कानानं आणि डोळ्यांनी रांधू लागली. कांदा लाल होत आला की त्याचं तडतडणं बारीक होतं, ते तिला ठाऊक होतं. रश्श्याचा बुडबुडा कधी पातळ आणि कधी जाड फुटतो तेही. दुधासमोर ती पापणी न हलवता उभी राही. कँटीनमध्ये तिची जोडीदारीण होती, तिला सगळे कात्री म्हणत, कारण तिचा हात आणि जीभ दोन्ही सारखीच चालत. वहिनी रोज चमचा तिच्यापुढे धरून म्हणे, "बघ गं, तुझी जीभ ताळ्यावर आहे का." कात्री चाखून काय हवं नको ते सांगे. झाकली मूठ राहिली, असं वहिनीला वाटत होतं.

पण सासूबाईंनी शेरे देणं बंद केलं. एके दिवशी ताटावरून उठताना त्या म्हणाल्या, "छान झालं होतं हो." सासूबाईंची तब्येत बरी नाही, असं तिनं ठरवून टाकलं. दुसरं काही ठरवणं तिला परवडणारं नव्हतं.

त्यानंतर तो दिवस आला. वहिनी शेगडीवर डाळ ठेवून गच्चीत वाळलेले कपडे आणायला गेली. गच्चीत कुणीतरी भेटलं, दोन शब्दांचे चार झाले. खाली येऊन बघते तर एवढ्या थंडीत घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या, दारही उघडं. लेक, जिला घरात बारकी म्हणत, आजीला घोंगडीत गुंडाळून जिन्यात घेऊन बसलेली. आणि नवरा शेगडीशी उभा, चेहऱ्यावर घाम.

"काय झालं?" वहिनीनं विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "घरात हवा खेळती पाहिजे माणसाच्या."

डाळ उतू जाऊन बर्नर विझलेला होता. कुणीतरी बटण बंद केलं होतं. वहिनीनं शेगडी पुसली, खिडक्या लावल्या, आणि पुढचा विचार केला नाही. करायचा नव्हता म्हणून केला नाही म्हणा.

दुसऱ्याच दिवशी जेवताना नवऱ्यानं घसा खाकरला आणि जाहीर केलं की उद्यापासून आपण सगळ्यांनी कच्चं खायचं.

नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. शांत माणूस. आयुष्यभर त्यानं जेवताना दोनच शब्द उच्चारले होते, एक "वाढ" आणि दुसरा "पुरे", आणि पुरेपेक्षा वाढ जास्त वेळा. ज्याला रश्श्यात पाव बुडवल्याशिवाय दिवस उगवला असं वाटायचं नाही, तो आता पालकाची पानं हातात धरून जीवनसत्त्वांवर बोलू लागला. दुकानात एक गिऱ्हाईक आलं होतं म्हणे, म्हातारं, पण गाल सफरचंदासारखे. त्यानं सांगितलं म्हणे.

"निसर्गात कुठला प्राणी शिजवून खातो?" नवऱ्यानं विचारलं.

"कुठला प्राणी चष्मा लावतो?" वहिनी म्हणाली.

त्यानं पालकाचं एक पान तोंडात टाकलं, पण शेगडीबद्दलचा हट्ट सोडला नाही. गॅसची टाकी त्यानं त्याच दिवशी खालच्या शेजारणीला वापरायला देऊन टाकली. विजेची शेगडी आणू या, निदान म्हातारीपुरतं सूप करू, असं वहिनीनं म्हटलं तर म्हणाला, आच कुठलीही असो, अन्नातला जीव जातोच. चहासुद्धा बंद. ओट्यावरची शेगडी मोकळी पडली, तिच्यावर मोड आणायच्या बरण्या जाऊन बसल्या. तोंडाला फडकी बांधलेल्या त्या बरण्या वहिनीला रोज सकाळी एका रांगेत बघायला लागत. आपल्याच घरात कुणीतरी उपऱ्यांनी येऊन आपली जागा बळकावावी तसं तिला वाटे.

कच्चं खाणं म्हणजे कमी काम, असं ज्याला वाटत असेल त्यानं एक आठवडा करून बघावं. शिजवताना आच निम्मं काम करते, कच्च्याचं सगळं काम मनगट करतं. कोबी केसासारखा बारीक चिरायचा, नाहीतर म्हातारीच्या घशात अडकतो. बीट किसायचं, मग ओटा, भिंत आणि स्वतःला धुवायचं. दाणे भिजवायचे, उपसायचे, बांधायचे, आणि एक दिवस विसरलं की बुळबुळीत होऊन टाकायचे. वहिनीच्या बोटांची सालं किसणीनं काढली. कँटीनमध्ये शंभर माणसांचं रांधून ती घरी यायची आणि चार माणसांचं चिरता चिरता तिची कंबर धरायची. शिवाय पोटं. त्या घरातली पोटं पहिल्या काही दिवसांत जे बोलली ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. हातपाय गार पडायचे. बारकी बँकेत काउंटरवर बसायची, ती अंगात दोन स्वेटर चढवून जाऊ लागली. आणि नवरा? तो फोनवर आपल्या बहिणीला सांगत होता की मी हिला स्वयंपाकघरातून सोडवलं.

सोडवलं! वहिनी त्या वेळी भोपळ्याच्या बिया सोलत होती. तिनं सुरी खाली ठेवली, कारण हातात सुरी असताना काही वाक्यं ऐकू नयेत.

तिचा राग दिवसेंदिवस मुरत गेला. एवढ्या वर्षांत मी कधी बरी होते, कधी आजारी, कधी तुमच्या आईशी भांडून रडून उठलेली, पण ताट गरम होतं की नाही? आणि माझी शेगडी उचलताना मला एका शब्दानं विचारावंसं वाटलं नाही? त्यात आणखी एक गोष्ट होती, ती तिनं स्वतःशीसुद्धा हळूच कबूल केली. तिला काकडी आवडू लागली होती. शिजवलेलं तोंडात पुठ्ठा व्हायचं, पण काकडी करकरायची. मुळ्याचा कच्चा तुकडा दाताखाली मोडायचा, त्याचा आवाज कानापर्यंत यायचा, गारवा टाळूला लागायचा, वर लिंबू पिळलं की जीभ जागी व्हायची. तापानंतर पहिल्यांदा तिला आपण काहीतरी खातोय असं वाटलं होतं. याचा तर तिला सगळ्यात जास्त राग आला. नवरा बरोबर ठरावा आणि तोही कोबीच्या बाबतीत, हे तिला मान्य होण्यासारखं नव्हतं. म्हणून ती काकडी खायची आणि तोंड वाकडं करायची.

सासूबाई मात्र रोज म्हणायच्या, "छान झालंय हो." किसलेल्या कोबीला छान म्हणणारी सासू वहिनीनं आजवर पाहिली नव्हती.

मग एकदा कपडे भिजवताना नवऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात पावाचा चुरा निघाला. तेलकट चुरा, परतलेला कांदा चिकटलेला. वहिनीनं तो बोटावर घेतला आणि बराच वेळ बघत राहिली. बारकीचा डबा तिनं धुवायला घेतला, तर सकाळी दिलेली कच्ची भाजी गेलेली आणि तळाला रश्श्याचा लाल तवंग. सासूबाई दुपारी खालच्या शेजारणीकडे तिची मांजर बघायला म्हणून जायच्या, त्या परत येताना त्यांचे गाल लाल असायचे आणि शालीवर पिवळा डाग. मांजर काही हळद लावत नाही.

वहिनी मोरीच्या कडेला बसली. म्हणजे शिजवलेलं चालत होतं. बाहेरचं चालत होतं, शेजारणीचं चालत होतं, टपरीवरचं चालत होतं. फक्त तिचं चालत नव्हतं.

तरी ती लगेच काही बोलली नाही. त्या घराची एक खोड होती, ती तिलाही लागली होती. वाईट गोष्ट तोंडानं म्हणायची नाही. सासरे आजारी पडले तेव्हा दुखण्याचं नाव कुणी घेतलं नाही, शेवटपर्यंत त्याला "तो त्रास" म्हणत राहिले, जणू लांबचा कुणी पाहुणा राहायला आलाय. दिराची छापखान्यातली नोकरी गेली तेव्हा तर कहर झाला. तो रोज सकाळी कपडे करून निघायचा, बागेत जाऊन बसायचा. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे त्याला दारापर्यंत सोडायला यायचे. वहिनी स्वतः त्याच कँटीनमध्ये रांधत होती, तिला काय माहीत नव्हतं? तरी तिनं रोज त्याचा डबा भरला, वर "आज काम फार आहे का हो भाऊजी?" म्हणून विचारलं. बिचारा दूरच्या गावी गेला तो नोकरीसाठी कमी आणि या मायेतून सुटण्यासाठी जास्त. तेव्हा कुणी काही लपवत असेल तर ते उघडं करायचं कसं, हे त्या घरात कुणालाच येत नव्हतं. वहिनी नुसतीच धुमसत राहिली आणि कोबी आणखी बारीक चिरत राहिली.

तिकडे कँटीनमध्येही काहीतरी बिघडलं होतं. कात्री आजकाल लवकर यायची आणि वहिनी पोचायच्या आत सगळे बर्नर पेटवून ठेवायची. मध्ये एखादा बंद करून पुन्हा लावायचा असला की हातातलं चिरणं टाकून धावत यायची. "द्या, मी लावते. माझा दंड आखडलाय, तेवढीच हालचाल." काडी ओढायला दंड लागतो हे वहिनीला नवीन होतं. तिला वाटलं, हिचा डोळा माझ्या जागेवर आहे. आधी बर्नर, मग डाव, मग खिडकीतली हाक. वहिनीनं मुद्दाम एकदा स्वतः काडी पेटवायला घेतली तर कात्रीनं आधी वाकून बटणांकडे बघितलं, नाक वर करून एक श्वास घेतला आणि मग म्हणाली, "हां, लावा आता."

तो श्वास वहिनीनं पाहिला. पाहून न पाहिल्यासारखं केलं.

आणि त्याच आठवड्यात तिनं नवऱ्याला पाहिलं. दुपारच्या जेवणाची पंगत आवरली होती. ती भाजीची सालं टाकायला मागच्या दाराशी गेली, तर दाराबाहेर पेट्यांच्या आड कात्री आणि नवरा. दुकानातून एवढ्या दुपारी हा माणूस इकडे कशाला? वहिनीला क्षणभर भलतंच वाटलं आणि लगेच हसू आलं. तिच्या नवऱ्याच्यानं स्वतःचे बूट जागेवर ठेवणं होत नव्हतं, तो दुसरा संसार काय थाटणार. पण पुढचं बोलणं कानावर पडलं आणि हसू जिथल्या तिथं राहिलं.

"घरचं मी बंद केलंय," नवरा सांगत होता. "इथलं तुमच्यावर आहे. तिला शेगडीला हात लावू देऊ नका. तिला कळणार नाही असं बघा फक्त."

कात्री म्हणाली, "मला किती दिवस जमणार? माझी रजा असली की काय करायचं?"

वहिनी सालांची बादली घेऊन तशीच मागे फिरली. कानशिलं तापली होती. म्हणजे घरची शेगडी काढून पोट भरलं नव्हतं. आता इथलीही. नवरा आणि कात्री, दोघं मिळून, तिच्या पाठीमागे, पेट्यांच्या आड. तिनं असं काय केलं होतं? चोरी केली होती? कुणाला विष घातलं होतं? तिनं ॲप्रन सोडून खुंटीला टांगला, मॅनेजरला सांगितलं की डोकं दुखतंय, आणि निघाली. डोकं खरोखरच दुखत होतं, पण त्यावर उपाय तिला ठाऊक होता.

वाटेत तिनं कांदे घेतले, बटाटे घेतले, तेलाची बाटली घेतली. मग सरळ खालच्या शेजारणीचं दार वाजवलं आणि टाकी परत मागितली. शेजारीण चुळबुळली. तिची स्वतःची टाकी होती, ही नुसती कोपऱ्यात उभी होती, तरी ती म्हणाली की तुमच्या ह्यांना एकदा विचारून घेते.

"माझ्या टाकीसाठी ह्यांना विचारायचं?" वहिनी म्हणाली. "ह्यांना विचारून मी श्वास घेते का?"

शेजारणीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. तिनंही त्या घराचं पाणी चाखलेलं असावं. वहिनी टाकी तिच्या बुडाच्या काठावर फिरवत जिन्यापाशी आणून एकेक पायरी चढवू लागली. प्रत्येक पायरीवर लोखंडाचा असा आवाज व्हायचा की वरच्या मजल्यावरची दारं उघडू लागली. कुणी मदतीला येऊ का म्हणून विचारलं, त्यांना तिनं हातानंच नको म्हटलं. हे तिचं तिनं वर न्यायचं होतं.

घरी सासूबाई एकट्या होत्या. टाकी बघून त्या उठून उभ्या राहिल्या, पुन्हा बसल्या. वहिनीनं शेगडीवरच्या बरण्या एकेक करून उचलून मोरीत नेऊन ठेवल्या. कांदे चिरले, सुबक, पातळ. बटाटे सोलले. कढई घासून पालथी घातली. एवढ्या महिन्यांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. सासूबाईंनी मध्ये एकदा म्हटलं की तो येईपर्यंत थांब हो. वहिनी म्हणाली, थांबणारच आहे. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पेटवायची होती तिला.

आधी बारकी आली. ओट्याकडे नजर गेली तशी ती दारातच थबकली. मग नवरा आला. त्यानं टाकीकडे पाहिलं, शेगडीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. आई छताकडे बघत होती.

"बसा," वहिनी म्हणाली. "आज मी बोलणार आहे."

दोघं बसली. वहिनीनं टाकीला रेग्युलेटर बसवला, खटका वळवला, आणि बोलू लागली. खिशातला चुरा काढला, डब्यातला तवंग काढला, शालीवरचा डाग काढला. म्हातारीचा डाग काढताना तिचा आवाज जरा खाली आला, पण थांबला नाही. मग पेट्यांच्या आडचं काढलं. तुम्ही दुपारी दुकान सोडून माझ्या कामाच्या ठिकाणी येता आणि माझ्या जोडीच्या बाईला सांगता की हिला शेगडीला हात लावू देऊ नका? कोण मी? लहान पोर? वेडी? माझं रांधलेलं नको असेल तर तोंडावर सांगायचं. आमच्याकडे तोंडं आहेत ना? गाजरं चावायला आहेत, चोरून पाव खायला आहेत, मग बोलायला का नाहीत?

बोलता बोलता तिनं काडेपेटी हातात घेतली होती.

शेगडीमागची रबरी नळी इतके महिने बरण्यांच्या खाली दुमडून पडली होती. ती वरून ठीक दिसत होती. वाकली होती तिथं तिला चीर गेलेली होती, आणि ती चीर भिंतीच्या बाजूला होती.

पहिल्यांदा बारकीचा हात नाकाकडे गेला. अर्ध्यावर गेला आणि तिनं तो खाली घेतला, मांडीवर ठेवला, आणि आईकडे बघत राहिली. वहिनीनं ते पाहिलं. नवऱ्याच्या नाकपुड्या फुलल्या. सासूबाईंनी शालीचं टोक तोंडाशी धरलं. तिघांचे चेहरे एकदम सारखे झाले, जणू तिघांना एकच गोष्ट कुणीतरी कानात सांगितली होती आणि चौथीला सांगायची राहिली होती. वहिनीची जीभ थांबली. तिनं श्वास आत ओढला, खोल, छाती भरून. काहीच नव्हतं. नुसती हवा.

नवरा उठला. तो धावला नाही. चालत ओट्यापाशी आला, वाकला, टाकीचा खटका बंद केला, आणि तिथंच वाकलेला राहून म्हणाला, "मी काय म्हणतो, कच्च्यानं आपल्याला इतका गुण आला आहे, तर अजून थोडे दिवस आपण..."

"बाबा," बारकी म्हणाली. ती खिडकीपाशी पोचली होती, दोन्ही दारं ढकलून उघडत होती. तिला रडू येत होतं.

"नाही, म्हणजे उन्हाळा येईपर्यंत तरी," तो म्हणाला. "आच लागली की अन्नातली..."

"गप बस रे," सासूबाई म्हणाल्या.

त्या उठल्या. भिंतीला धरत ओट्यापाशी आल्या. वहिनीच्या हातातली काडेपेटी त्यांनी काढून घेतली. बोटं उलगडायला वेळ लागला, वहिनीनं ती फार घट्ट धरली होती. पेटी त्यांनी आपल्या मुठीत ठेवली आणि रिकामी झालेली ती किसणीनं सोललेली बोटं दुसऱ्या हातात धरली.

"नळी फुटलीय," त्या म्हणाल्या. "गॅस सुटलाय. अख्ख्या घराला कळलं. त्या दिवशी डाळ उतू गेली तेव्हाही कळलं होतं. तू गच्चीतून आलीस आणि तुला काही कळलं नाही, तेव्हा हा माझा शूर मुलगा टाकी उचलून खाली देऊन आला आणि आम्हाला गवत खायला बसवलं. तुझ्या तोंडावर म्हणायची एकाची छाती झाली नाही. माझीसुद्धा नाही, जिनं तुला एवढी वर्षं प्रत्येक घासाला बोल लावला."

मान हलवून नाही म्हणायचा वहिनीचा विचार होता, पण मान हलेना.

"तुला वास येत नाही, पोरी," सासूबाई म्हणाल्या. "तापापासून येत नाही."